लॅपटॉपची साडेसाती

‘ताई, सात मोठा की पाच?’

रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही, डायरेक्ट हा प्रश्न. मी डेडलाइन डोक्यावर घेऊन बसलेले. म्हटलं, ‘अरे, इंजिनीअरिंगला गेलायस ना तू? की परत बालवाडीत घातलंय?’

‘तसं नाही गं. लॅपटॉपचे नंबर आहेत. एकावर ५५००, दुसऱ्यावर ७५२०. दुकानवाला म्हणतो सातवाला लेटेस्ट आहे. भाव जवळपास सेमच. घेऊन टाकू?’

‘थांब!’ मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या खोलीतली रूममेट डोळे चोळत बाहेर आली.

ओरडण्याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी एका मैत्रिणीला मी असाच रात्री फोनवर लॅपटॉप ‘घेऊन टाक’ म्हणाले होते. ती पॉडकास्ट एडिट करते. बजेट टाइट. ‘जुनं मॉडेल कशाला, नवं आलंय ना, तेच घे,’ हा माझा अमूल्य सल्ला. नवं मॉडेल दिसायला सॉलिड होतं, स्लिम, झाकण मस्त. पण आत ८ जीबी रॅम, तीही मदरबोर्डलाच चिकटवलेली. वाढवायची सोयच नाही. दोन ट्रॅक उघडले आणि तिसऱ्या खिडकीत ब्राउझर चालू केला की बाईसाहेब मूर्च्छित! अकराव्या महिन्यात तिने तो मिळेल त्या किमतीला विकला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक कंपनीची नव्हतीच. खोक्यावर सगळं छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. मैत्रीण अजून बोलते माझ्याशी, पण गॅजेटचा विषय निघाला की ती पाणी प्यायला उठते.

आणि या वेळी पैसे मावशीचे होते. मावशी कराडला ब्लाउज शिवते. भिशी लागली, त्यात दिवाळीच्या सीझनचे साठवलेले घातले आणि ४५ हजार झाले. तिने फोन करून मला बजावलंही होतं, ‘अगं, तुला त्यातलं कळतं. तू म्हणशील तो घेऊ.’ घरच्यांच्या दृष्टीने मी मास कॉम केलंय आणि दोनदा मोबाइलवर लेख लिहिलाय, म्हणजे मला त्यातलं कळतं! आता हा विश्वास की साडेसाती, ते तुम्ही ठरवा.

तर डेडलाइन गेली खड्ड्यात. मी ते दोन नंबर घेऊन बसले.

आपल्या सगळ्यांचा साधा फंडा असा की मोठा नंबर म्हणजे नवा आणि नवा म्हणजे फास्ट. फोनच्या बाबतीत बहुतेक वेळा खपून जातं. बजेट लॅपटॉपमध्ये मात्र याच फंड्यावर आपली विकेट पडते. एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरना नावं द्यायची नवी पद्धत जाहीर केली. चार आकडे. पहिला आकडा मॉडेलच्या वर्षाचा, ७ म्हणजे २०२३. दुसरा दर्जाचा, म्हणजे ३ स्वस्तातला, ५ मधला, ७ वरचा. आणि तिसरा, ज्याकडे कोणीच बघत नाही, तो खरा! तो सांगतो की आतली मूळ रचना कुठल्या पिढीची. २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४.

आता ७५२०यू वाचा. २०२३ चं मॉडेल, मधला दर्जा, आणि आत झेन २. झेन २ ही रचना २०१९ ची. म्हणजे पाटी नवी, दुकान जुनंच.

‘मग ५५००यू?’ भाऊ तिकडून. तो जानेवारी २०२१ मध्ये आला आणि गंमत म्हणजे तोही झेन २ च. दोघे एकाच घराण्यातले. फरक असा की २०२१ वाल्याला सहा कोअर आणि बारा थ्रेड, तर २०२३ वाल्याला चार कोअर आणि आठ थ्रेड. एल३ कॅश नावाची जी हाताशी ठेवलेली मेमरी असते ती जुन्यात ८ एमबी, नव्यात ४. ग्राफिक्सचे युनिट जुन्यात ७, नव्यात २. नव्याचे दोन युनिट नव्या जातीचे आहेत हे मान्य, पण दोन ते दोनच.

भावाला समजावताना मी शेगडीचं उदाहरण दिलं. जुन्या स्वयंपाकघरात सहा शेगड्या आहेत. नव्यात चार आहेत, पण आच जराशी मोठी (जुना वर ४.० गिगाहर्ट्झपर्यंत जातो, नवा ४.३ पर्यंत). नुसता चहा करायचाय? नव्यात कदाचित आधी होईल. पण पंगत उठवायची असेल, एकीकडे कोड कंपाइल होतोय, दुसरीकडे ब्राउझरमध्ये वीस टॅब आणि तिसरीकडे ऑनलाइन लेक्चर, तर सहा शेगड्यांना तोड नाही.

‘म्हणजे फसवतात आपल्याला?’ भाऊ एकदम पेटला. एकोणीस वर्षांचं वय, चालायचंच.

तसं सरसकट म्हणता येत नाही. या चिपचं कंपनीतलं नाव मेंडोसिनो. मे २०२२ मध्ये ती पहिल्यांदा दाखवली तेव्हाच एएमडीने सांगितलं होतं की ही ३९९ ते ६९९ डॉलरच्या लॅपटॉपसाठी आहे, बॅटरी जास्त चालावी म्हणून. ती ६ नॅनोमीटरवर बनते, वीज कमी खाते, एव्ही१ प्रकारचे व्हिडिओ थेट हार्डवेअरवर उलगडते, जे ५५००यू ला जमत नाही. ज्याला वर्ड, यूट्यूब, बँकेचं काम आणि संध्याकाळी एखादी मालिका एवढंच करायचंय, त्याला ही चिप बेस्ट आहे. प्रॉब्लेम तिच्या असण्यात नाहीये. तिला ‘रायझन ५’ आणि ‘७०००’ ही बिरुदं लावून सहा कोअरवाल्यांच्या रांगेत उभं करण्यात आहे.

यावरून मोठ्या घरांतली भांडणंही झालीत बरं का! डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने ‘कोअर ट्रूथ्स’ नावाचं एक सादरीकरण काढलं. त्यात याच ७५२०यू ला समोर धरून म्हटलं होतं की जुना माल नव्या नावाने विकतात, आणि सोबत भोंदू औषधं विकणाऱ्याचं चित्र. एवढा गाजावाजा झाला की ते नंतर काढून टाकावं लागलं. आणि पुढे? महिनाभरात, जानेवारी २०२४ मध्ये, इंटेलने ‘कोअर ५ १२०यू’ आणला. नाव कोरं करकरीत. आत रॅप्टर लेक, दहा कोअर, बारा थ्रेड, म्हणजे आदल्या वर्षीच्या आय५-१३३५यू चाच सख्खा भाऊ. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! एएमडीही गप्प बसली नाही. २०२५ मध्ये त्यांनी मेंडोसिनोचंच परत बारसं केलं. ७५२०यू चं नवं नाव ‘रायझन ५ ४०’. म्हणजे तो वाचायला सोपा असलेला तिसरा आकडाही गेला. असो.

शेवटी मी भावाला म्हटलं, ‘तिथे काही घेऊ नकोस. शनिवारी ये इकडे.’ तो महालक्ष्मीने आला, डोळे लाल, पाठीला सॅक, सॅकमध्ये मावशीने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. चहा-पाव खाऊन आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर घुसलो.

ज्यांनी लॅमिंग्टन रोड पाहिला नाही त्यांनी एकदा तरी जावं. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण रिक्षावाल्यापासून रॅमवाल्यापर्यंत कोणी तसं म्हणत नाही. दुकानात तीन पिढ्यांचे लॅपटॉप एका रांगेत, एका कंपनीचे, एका नावाचे. आमच्या समोर लेनोव्होची ‘आयडियापॅड स्लिम ३’ होती. बजेटवाल्यांची लाडकी लाइन. पण ‘स्लिम ३’ हे एका लॅपटॉपचं नाव नाहीये, ते आडनाव आहे! कुळकर्णी म्हटल्यावर तुम्हाला कुठला कुळकर्णी कळतो का? तसंच.

खरं नाव खालच्या बाजूला, स्टिकरवर बारीक अक्षरात असतं. मी सरळ डेमोचा लॅपटॉप उलटा केला. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकावर १५एएमएन८, दुसऱ्यावर १५एबीआर८. भाऊ म्हणाला, ‘गाडीचे नंबर वाटतायत.’ वाचायला शिकलं की मजा येते. १५ म्हणजे पडद्याचा आकार. ए म्हणजे एएमडी (इंटेल असेल तर आय). मधली दोन अक्षरं चिपच्या घरगुती नावाची, एमएन म्हणजे मेंडोसिनो, बीआर म्हणजे बार्सेलो-आर. शेवटचा ८ म्हणजे पिढी. दोघेही आठव्या पिढीतले, दोघेही २०२३ चे, दोघांच्या झाकणावर तेच नाव आणि दोघांवर ‘रायझन ५’चा तोच स्टिकर. पण पहिल्यात ७५२०यू, चार कोअर. दुसऱ्यात ७५३०यू, झेन ३, सहा कोअर, बारा थ्रेड. एका आकड्याचा फरक. दोनऐवजी तीन!

आणि त्याहून मोठा फरक रॅमचा. इथे मात्र मी अजिबात घाई केली नाही, मैत्रिणीचा चेहरा समोर येत होता. मेंडोसिनोला एलपीडीडीआर५ जातीची रॅमच लागते आणि ती बोर्डवर झाळून टाकलेली असते. १५एएमएन८ मध्ये जास्तीचा स्लॉट नाही. ८ जीबीचा घेतला तर मरेपर्यंत ८ जीबी. त्यातलाही थोडा वाटा ग्राफिक्स आधीच उचलतं. १५एबीआर८ मध्ये थोडी रॅम झाळलेली आणि शेजारी डीडीआर४ चा एक रिकामा स्लॉट. आज ८ घ्या, पुढे जमेल तेव्हा आणखी ८ घाला. कंपनीची ‘पीएसआरईएफ’ नावाची जी तपशिलाची यादी असते, त्यात मॉडेल कोड टाकला की हे सगळं दिसतं. मी तिथेच उभ्या उभ्या फोनवर उघडून दाखवली. सेल्समन म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही लाइनमध्ये आहात का?’ मी नम्रपणे मान हलवली. होय की नाही ते कळू दिलं नाही.

‘पण ८ जीबी पुरत नाही का?’ भावाचा रास्त प्रश्न. तो कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. तिसऱ्या वर्षाला कोणी ना कोणी अँड्रॉइड अॅप करायला लावणारच. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायचा तर गुगलच १६ जीबी ठेवा म्हणतं. आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव असे चढलेत की सोन्याने लाजावं. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवीये, त्यामुळे कारखाने तिकडे वळलेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आज सगळी रॅम एकदम घेणं महाग. मग निदान पुढे घेण्याचा दरवाजा तरी उघडा हवा ना?

तिसरा पर्याय माझ्या खिशात होता. माझा एक जुना सहकारी त्याचा १५एएलसी६ विकत होता. हा सहाव्या पिढीतला, २०२१ चा, तोच ५५००यू वाला. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. सहा कोअर, रॅमला स्लॉट, विंडोज ११ व्यवस्थित चालतं (विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सेकंडहँड घेताना हे आधी विचारा). मला खरं सांगू? फक्त वेगाचा हिशेब केला असता तर मी हाच घ्यायला लावला असता. नव्या ७५२०यू ला हा जड कामात मागे टाकतो आणि वर वीसेक हजार वाचतात.

मी आदल्या रात्री तो घरी आणून चालवूनही पाहिला. कामं पटापट झाली, पण चार्जर काढून दीड तासात बॅटरीने मान टाकली. एवढ्या वर्षांच्या वापरानंतर दुसरं काय होणार! वॉरंटी केव्हाच संपलेली. टाइप-सी पोर्ट आहे, पण त्यातून फक्त डेटा जातो, चार्जिंग होत नाही. आठव्या पिढीत त्याच पोर्टमधून चार्जिंगही होतं, म्हणजे हॉस्टेलवर चार्जर हरवला (हरवतोच) तर मित्राचा टाइप-सी चार्जर चालून जातो. बिजागरीही जरा ढिली वाटली. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, रिपेअरवाल्याची ओळख असलेल्या माणसाने हा डोळे झाकून घ्यावा. पण कराडहून रोज एसटीने कॉलेजला जाणाऱ्या पोराला, ज्याच्या घरात दुसरा कॉम्प्युटर नाही, त्याला परीक्षेच्या आठवड्यात हा बंद पडला तर? मावशीने मला विचारलं असतं, आणि उत्तर माझ्याकडे नसतं.

पडद्याचंही बघून घेतलं. यात सगळ्याच पिढ्यांनी एक खोड जपलीय, एकाच नावाखाली दोन पडदे. एक टीएन, एक आयपीएस. टीएनवाला जरा वाकडा करून बघितला की माणसं निगेटिव्हसारखी दिसायला लागतात. खोक्यावर दोन्हीकडे ‘फुल एचडी’च लिहिलेलं. तेव्हा दुकानात झाकण मागेपुढे करून बघायचं, लाजायचं नाही. कीबोर्ड, वेबकॅम, स्पीकर यांत विशेष काही घडलेलं नाही. वेबकॅमवर आता सरकणारं झाकण आहे, बरं वाटतं.

सेल्समनने मग शेवटचं अस्त्र काढलं. ‘मॅडम, दहावी पिढी बघा ना!’ २०२५ ची स्लिम ३. पडदा १५.३ इंची, जरा उंच, त्यामुळे लिहिताना वाचताना छान वाटतो. आत इंटेलचा आय५-१३४२०एच. ही चिप जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेली. म्हणजे इथेही नव्या घरात जुनी भाडेकरीण! पण भाडेकरीण दणकट आहे, आठ कोअर आहेत, त्यातले चार पूर्ण ताकदीचे. जुनी चिप म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही, कुठली जुनी ते बघायचं. मला तो लॅपटॉप मनापासून आवडला. किंमत ऐकली आणि तितक्याच मनापासून खाली ठेवला.

आता आमच्याकडे खरे दोनच. ७५२०यू, बजेटमध्ये, चार पैसे उरतील असा. आणि ७५३०यू, बजेटच्या चार हजार वर. भाऊ माझ्याकडे बघेना. तो हळूच म्हणाला, ‘ताई, पहिलाच घेऊ. आईला परत मागायला नको. चालवून घेईन मी.’

हे ‘चालवून घेईन’ मला नको होतं. आमच्या घरात सगळ्यांनी सगळंच चालवून घेतलंय. मावशीने वीस वर्षं पायाच्या मशीनवर चालवून घेतलं, मोटर बसवली ती गेल्या वर्षी. मी बाहेर येऊन एका संपादकांना फोन केला आणि तीन महिने अडकलेल्या मानधनाची, पहिल्यांदाच, आवाज चढवून आठवण करून दिली. पैसे लगेच आले नाहीत अर्थात. चार हजार मी क्रेडिट कार्डावर टाकले. भावाला सांगितलं, ‘डिस्काउंट मिळालं.’ तो बिल वाचतो हे मला माहीत नव्हतं. ट्रेनमध्ये बसल्यावर मेसेज आला, ‘तिसरा आकडा वाचायला शिकवलास, मग बिलाचा आकडा वाचणार नाही का?’

बिल मात्र त्याच्या नावाने, सिरियल नंबर टाकून घेतलं. खोकं तिथेच उघडलं, स्टिकर पुन्हा ताडला, चालू करून टास्क मॅनेजरमध्ये चिपचं नाव, कोअरची संख्या आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ बघितलं. सेल्समनने तोवर आम्हाला कटिंग मागवला होता. निघताना त्याने विचारलं, ‘मॅडम, माझ्या बहिणीसाठी घ्यायचाय. फक्त टायपिंग करते, ७५२०वाला चालेल ना?’ म्हटलं, तिला तर तोच घ्या, पण १६ जीबीचा मिळतोय का बघा.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. ‘पोचला गं. छान आहे. नवीनच आहे ना पण?’ म्हटलं, ‘नवीनच आहे, मावशी. बिल आहे त्याच्याकडे.’ मागून भावाचा वैतागलेला आवाज येत होता. मावशीने लॅपटॉपची पूजा केली होती. फूल, अक्षता आणि वर भरपूर हळदकुंकू, थेट कीबोर्डवर. दुपारपासून तो जुन्या टूथब्रशने एस आणि डीच्या मधलं कुंकू काढत बसलाय.